कॅमेऱ्याच्या माउंटचा मामला

आम्ही कापडाचे व्यापारी. कॅमेऱ्याविषयी या पानावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण गेली लग्नसराई संपल्यावर आमचा भाचा दुकानावर आला आणि गादीवर बसता बसता म्हणाला, "मामू, साडेचार लाख रुपये पाहिजेत, दोन वर्षांत फेडीन." भाच्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची कामे करतो, मेहनती आहे. त्याला नवा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घ्यायचा होता. आम्ही विचारले, "कॅमेरा केवढ्याचा?" म्हणाला, "पावणेदोन लाखांच्या आसपास." मग बाकीचे पैसे कशाला? म्हणाला, "लेन्ससाठी." आम्ही म्हटले, "तुझ्याकडे पाच लेन्स आहेत, त्यांचे काय?" त्यावर तो हसला. "मामू, माउंट बदलला."

हे "माउंट बदलला" प्रकरण समजून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. समजले तेव्हा लक्षात आले की हा केवळ फोटोग्राफरचा प्रश्न नाही. ज्याच्या धंद्याचे भांडवल दुसऱ्याच्या यंत्रात अडकलेले आहे, अशा प्रत्येक कारागिराचा हा प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरची धातूची गोल कडी. लेन्स तिच्यात घालून थोडी फिरवली की खटकन बसते. दिसायला साधी गोष्ट. परंतु प्रत्येक कंपनीची कडी वेगळी, तिचा घेर वेगळा, आणि कडीपासून आत ज्या पडद्यावर चित्र उमटते त्या सेन्सरपर्यंतचे अंतर वेगळे. शिवाय कडीच्या आत सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक टाचण्या असतात. त्यांच्यामार्फत कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात: फोकस इतका पुढे घे, झडप इतकी बंद कर, हात हलतोय तर सावर. ही बोली ज्या लेन्सला येत नाही ती कॅमेऱ्यावर नुसती बसून राहते, काम करत नाही.

शिलाईचे काम करणाऱ्या आमच्या वाचकांनी क्षणभर आपल्या मशीनकडे पाहावे. घरगुती मशीनची सुई आज कोणत्याही कंपनीची आणा, बहुतेक मशीनमध्ये ती बसते. समजा प्रत्येक मशीनवाल्याने सांगितले असते की आमच्या मशीनला आमचीच सुई, दुसऱ्याची सुई घालाल तर टाका पडणार नाही, तर दर्जीलोकांनी काय केले असते? कॅमेऱ्याच्या बाजारात साधारण हेच आहे. फरक इतकाच की इथली सुई चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत पडते.

आता "फुल-फ्रेम" आणि "मिररलेस" हे दोन शब्द. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात चित्राची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. तेवढाच मोठा सेन्सर असलेला कॅमेरा म्हणजे फुल-फ्रेम. अंधाऱ्या हॉलमध्ये, मंडपातल्या रंगीत दिव्यांत तो चांगला चालतो, म्हणून लग्नवाले त्याच्या मागे. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. पूर्वीच्या कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा असे, तो चित्र वरच्या खिडकीत दाखवी आणि बटण दाबले की वर उडे. आरशाला उडायला जागा पाहिजे, म्हणून कडी आणि पडदा यांत अंतर जास्त ठेवावे लागे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर होते, निकॉनच्या एफमध्ये ४६.५. आरसा काढून टाकल्यावर इतक्या जागेची गरज राहिली नाही. कॅननने आपल्या नव्या आरएफमध्ये ते २० वर आणले, निकॉनने झेडमध्ये १६ वर, सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ आहे. अंतर कमी झाले की लेन्स बनवणाऱ्या इंजिनियरला मोकळीक मिळते. विशेषतः रुंद कोनाच्या लेन्स लहान आणि स्वच्छ बनवता येतात. हे खरे आहे, नुसती जाहिरातबाजी नाही.

पण याच कारणाने सगळ्यांना एकदम नवा माउंट काढायची संधी मिळाली. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला होता. मध्ये बारीकसारीक बदल झाले, तरी कडी तीच राहिली, आणि बापाची लेन्स मुलाच्या कॅमेऱ्यावर चढत असे. कॅननने मात्र १९८७ मध्ये आपला जुना एफडी माउंट एका झटक्यात बंद केला आणि ईएफ आणला. ज्यांनी आयुष्यभर एफडीच्या लेन्स जमवल्या होत्या ते हवालदिल झाले. मात्र ईएफ पुढे तीस वर्षे चालला आणि सर्व जगात पसरला, हेही मान्य करावे लागेल. २०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ आणला. सोनी त्याआधीच पुढे गेली होती. तिचा ई माउंट २०१० चा, आणि फुल-फ्रेमचा ए७ कॅमेरा २०१३ चा.

आता पेटंटकडे वळू. पेटंट हा एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती लिहून सरकारात जाहीर करायची, आणि बदल्यात त्याला २० वर्षे ती एकट्याने वापरण्याचा हक्क मिळायचा. मुदत संपली की ती सर्वांची. आपल्या देशाचा १९७० चा पेटंट कायदा दुरुस्त्या होऊन आता हीच २० वर्षांची मुदत सांगतो. हा हक्क ज्या देशात घेतला त्याच देशात चालतो. माउंटच्या बाबतीत गोल भोकाचे पेटंट कोणी घेत नाही. पेटंट असते ते टाचण्यांच्या मांडणीचे, अडकवण्याच्या खाचांचे, कॅमेरा आणि लेन्समधल्या निरोपानिरोपीच्या पद्धतीचे. शिवाय आकारावर डिझाइनचा हक्क वेगळा.

पेटंटच्या एका निकालाने अख्खा धंदा कसा पालटतो, याचे दोन मोठे किस्से कॅमेऱ्याच्याच बाजारातले आहेत. कोडॅकने १९७६ मध्ये झटपट फोटो देणारा कॅमेरा काढला. पोलरॉइडने लगेच दावा लावला. दहा वर्षे कज्जा चालला, आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला तो धंदा बंद करावा लागला. पुढे १९९१ मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. पण तोपर्यंत सुमारे दीड कोटीहून जास्त गिऱ्हाइकांच्या घरात कोडॅकचे कॅमेरे पडलेले होते आणि त्यांची फिल्म बनणे बंद झाले होते. भांडण दोन शेठांचे, आणि निकामी झाला तो गिऱ्हाइकाचा माल.

दुसरा किस्सा मिनोल्टाचा. १९८५ मध्ये मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा आणला आणि बाजार मारला. अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने सांगितले की या युक्तीचे पेटंट आमचे. १९९२ मध्ये निकाल मिनोल्टाच्या विरुद्ध गेला आणि १२ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतर हनीवेलने इतर कॅमेरा कंपन्यांकडूनही वसुली केली. मिनोल्टा पुढे कोनिकात मिसळली, २००६ मध्ये कॅमेऱ्यातून बाहेर पडली, आणि तिचा माउंट सोनीच्या हाती गेला. सोनीने २०२१ मध्ये त्या माउंटचे कॅमेरे बंद केले. १९८५ ला सुरू झालेला माउंट, दोन मालक पाहून, छत्तीस वर्षांत संपला. या सगळ्यात मिनोल्टाच्या लेन्स घेऊन बसलेल्या कारागिराला कोणी काही विचारले असेल असे आम्हाला वाटत नाही.

आज बाजारात काय चालले आहे ते पाहा. विल्ट्रॉक्स नावाची चिनी कंपनी कॅननच्या आरएफ माउंटसाठी स्वस्त लेन्स बनवत होती, आपोआप फोकस होणाऱ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिने विक्री थांबवली. कॅननने सांगितले की या मालाने आमचे पेटंट आणि डिझाइनचे हक्क मोडतात. जगभर आरडाओरडा झाला. मग एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन या दोन जपानी कंपन्यांना कॅननच्या परवान्याने आरएफच्या लेन्स काढता येतील असे जाहीर झाले, पण त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी. फुल-फ्रेमच्या लेन्स त्या परवानगीत नव्हत्या. म्हणजे दुकानाचे मागचे दार उघडले, पुढचे नाही. निकॉनने २०२२ मध्ये टॅमरॉनला आणि पुढच्या वर्षी सिग्माला परवाना दिला, तोही जपून, निवडक लेन्सपुरता.

सोनीने उलटी चाल खेळली. २०११ मध्येच तिने ई माउंटची मूळ माहिती लेन्स बनवणाऱ्यांना करार करून विनामूल्य द्यायचे ठरवले. त्या वेळी सोनी या बाजारात नवखी होती, तिच्याकडे लेन्स कमी होत्या. आपण विणू शकत नाही तेवढे कापड बाहेरच्यांनी विणून आणावे, गिऱ्हाईक मात्र आपल्या पेठेत यावे, असा तो हिशेब होता. आणि तो बरोबर निघाला. आज सोनीच्या माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग आणि चिनी कंपन्यांच्या लेन्सची जेवढी निवड आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही फुल-फ्रेम मिररलेससाठी नाही. (सोनी टॅमरॉनची मोठी भागधारकही आहे, हे विसरू नये. नफा दोन्ही खिशांत.) तरीही हे दार पूर्ण उघडे नाही. ए९, ए१ अशा वेगवान कॅमेऱ्यांत सोनीची स्वतःची लेन्स सेकंदाला २० किंवा ३० चित्रे घेऊ देते, बाहेरच्या लेन्सला १५ वर अडवतात. पाहुण्याला घरात घेतले, पण बसायला ओसरीच दिली.

तिसरी वाट लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांची. २०१८ मध्ये तिघांनी मिळून एल माउंट सामाईक केला. मूळ माउंट लायकाचा, २०१४ चा. एकाचा कॅमेरा, दुसऱ्याची लेन्स, तिसऱ्याची आणखी काही, सगळे एकमेकांना बसते. यात आम्हाला सिग्माचे विशेष वाटते. आईझू येथे कारखाना असलेली ही खानदानी कंपनी आहे, बापाने १९६१ मध्ये काढली, आज मुलगा चालवतो. तिचा स्वतःचा एसए नावाचा माउंट होता. तो सोडून ती सामाईक माउंटमध्ये आली. आपला झेंडा खाली उतरवायला हिंमत लागते. याच कंपनीने २०१३ मध्ये एक योजना आणली होती: गिऱ्हाइकाने कॅमेऱ्याची कंपनी बदलली तर ठरलेल्या लेन्सचा माउंट पैसे घेऊन बदलून द्यायचा. गिऱ्हाइकाचे भांडवल वाया जाऊ नये, असा विचार करणारा व्यापारी आम्हाला आवडतो. आणि कॅननच्या दारातून परत फिरलेली विल्ट्रॉक्स २०२५ मध्ये या एल माउंटच्या मंडळीत सामील झाली.

ही सामाईकपणाची रीत नवी नाही, आणि आमच्या वाचकांना तर ती जवळची वाटावी, कारण ती शिलाई मशीनच्या धंद्यातून आलेली आहे. अमेरिकेत १८५० नंतर सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर आणि एलियास हाउ यांची एकमेकांवर इतकी फिर्यादबाजी चालली की मशीन विकण्याऐवजी सगळे वकिलांना पोसत होते. १८५६ मध्ये त्यांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि ठरलेली फी देणाऱ्याला मशीन बनवू दिले. हाउला प्रत्येक मशीनमागे ५ डॉलर मिळत. १८७७ मध्ये शेवटचे महत्त्वाचे पेटंट संपले आणि बाजार सर्वांना खुला झाला. त्या फीमुळे मशीन महाग पडत होते हे खरे. पण दर माहीत होता. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आपले पाऊल कुठे पडते ते कळत होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. कॅननचा हक्क आम्ही नाकारत नाही. मागे आमचा एक छापाचा नमुना बाजारात आला आणि दोन महिन्यांत दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याने तोच नमुना हलक्या कापडावर छापून निम्म्या भावाने विकला. आम्ही नोंदणी केली नव्हती, त्यामुळे बोलायलाही तोंड राहिले नाही. आपल्याकडे २००० चा डिझाइन कायदा आहे, नोंदणी केली तर १० वर्षे आणि पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. आपल्यातले किती छापखानेवाले, किती भरतकामवाले ती करतात? नक्कल झाली की शिव्या देतो आणि संधी मिळाली की स्वतःही नक्कल करतो. तेव्हा पेटंटवाल्याला सरसकट जालीम म्हणणे आम्हाला शोभत नाही.

परंतु मालाचे पेटंट आणि दाराचे पेटंट यांत फरक आहे. लेन्समधली काच, तिची बनावट, तिचा मोटार, यात हुन्नर आहे, त्याची किंमत जरूर घ्या. माउंट हे दार आहे. दारावर हक्क असेल तर तो आत येण्याची वाजवी फी घेण्यासाठी वापरावा. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही आणि किती हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवले, तर गिऱ्हाईक कॅमेरा विकत घेतो त्या दिवशी पुढच्या दहा वर्षांच्या खरेदीवरही सही करून देतो, आणि त्याला ते माहीतही नसते. आरएफ आणि झेडची पेटंटे २०१८ च्या आगेमागे नोंदलेली असतील तर त्यांची मुदत २०३८ च्या सुमारास संपेल, आणि दरम्यान नवी भर पडत राहील. तोपर्यंत वाट पाहणे स्टुडिओवाल्याला परवडणारे नाही.

कॅमेरा कंपन्यांची अडचणही समजून घ्यावी. मोबाइलने या धंद्याचे कंबरडे मोडले आहे. जपानी कंपन्यांच्या सीपा या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१२ मध्ये लेन्स बदलता येणारे दोन कोटींहून जास्त कॅमेरे बाजारात गेले होते, २०२४ मध्ये ६६ लाखांच्या आसपास. त्यांतले ५६ लाख मिररलेस, आरशाचे जेमतेम दहा लाख. गिऱ्हाईक तिसऱ्या हिश्श्यावर आले की प्रत्येक गिऱ्हाइकाकडून जास्त काढायचा मोह होतो, आणि जास्त मिळकत लेन्सवरच आहे. मोह समजतो. पण आमच्या मते हा हिशेब आखूड आहे. नव्याने धंद्यात येणारा मुलगा पहिला कॅमेरा घेताना दोन गोष्टी पाहतो: शेजारचा फोटोग्राफर काय वापरतो, आणि स्वस्त लेन्स कशाला मिळते. या दोन्हींत बंद दारवाला हळूहळू मागे पडतो. कॅननही फुल-फ्रेमचे दार उघडील असा आमचा अंदाज आहे. दयेपोटी नव्हे, गरजेपोटी. चुकलो तर वाचकांनी आम्हाला जरूर ऐकवावे.

स्टुडिओ चालवणाऱ्या बंधूंना व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. आरशाच्या जुन्या लेन्स भंगारात काढण्याची घाई करू नका. नव्या कॅमेऱ्यात अंतर कमी असल्याने मध्ये अडॅप्टरची नळी बसायला जागा मिळते, आणि कॅननच्या ईएफ लेन्स कॅननच्याच अडॅप्टरने आरएफवर चांगल्या चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र सांभाळावे. ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःचा मोटार नाही, त्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर चढतात, पण फोकस हाताने करावा लागतो. मंडपात वरात पुढे सरकत असताना ते जमत नाही. बिनपरवान्याची लेन्स घेतली तर तिचे आतले सॉफ्टवेअर नंतर बदलता येते का, हे विकणाऱ्याला विचारा. पंचवीस वर्षांपूर्वी सिग्माच्या जुन्या ईएफ लेन्स कॅननच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बंद पडत. कंपनीने काहींची चिप बदलून दिली, फार जुन्या तशाच राहिल्या. आणि कंपनी तगेल का, हेही पाहा. सॅमसंगसारख्या बड्या कंपनीने २०१० मध्ये एनएक्स माउंट काढला आणि काही वर्षांत दुकान आवरते घेतले.

भाच्याला आम्ही साडेचार लाख दिले नाहीत. त्याच्याबरोबर मुंबईत बोरा बाजारला गेलो, दिवसभर दुकाने पालथी घातली. तो म्हणाला, "मामू, तुम्ही तर कापडासारखे उलटून पाहता." शेवटी त्याने एक वापरलेला मिररलेस कॅमेरा आणि एक अडॅप्टर घेतला. पाचपैकी तीन लेन्स त्यावर ठीक चालतात, दोन विकायला ठेवल्या आहेत. आमच्याकडून दीड लाख गेले, कर्जे हसना म्हणून. पुढच्या सराईनंतर नवी लेन्स घ्यायची ठरली आहे. कोणत्या माउंटची, हे तो अजून सांगत नाही, आणि आम्हीही घाई करत नाही.